डेमोची सीडी, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत: डायर स्ट्रेट्सचा 'ब्रदर्स इन आर्म्स'

स्पीकर विकण्याच्या धंद्यात ज्यांनी ऐंशी-नव्वदची दशकं काढली, त्यांना डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश रॉक बँडच्या 'ब्रदर्स इन आर्म्स' या अल्बमबद्दल मत विचारलं तर ते बहुतेक एकाच गाण्याबद्दल बोलतील, आणि तेही पहिल्या दोन मिनिटांबद्दल. मी त्यातलाच. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानात मी बरीच वर्षं काउंटरवर होतो. गिऱ्हाईक आलं, मान तिरकी करून बोर्डावरच्या किमती वाचायला लागलं, की आम्ही ही सीडी घालायचो आणि थेट दोन नंबरचा ट्रॅक लावायचो. 'मनी फॉर नथिंग.' लांबून कुणीतरी उंच आवाजात एमटीव्ही मागतंय, सिंथेसायझरचा ढग हळूहळू जमतोय, मग ड्रम्स खोलीभर गडगडत येतात आणि दीड मिनिटाच्या आसपास ती गिटार एकटीच, कर्रकन, समोर येऊन उभी राहते. तिथे गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघायचं. भुवया वर गेल्या की बिलबुक काढायचं. पुढची सहा-सात मिनिटं ऐकायची वेळच यायची नाही.

या अल्बमचा जगभरातला लौकिक असाच आहे. 1985 च्या मेमध्ये तो आला तेव्हा सीडी बाजारात येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. रेकॉर्डिंग डिजिटल, मिक्सिंग डिजिटल, शेवटची मास्टर टेपही डिजिटल. म्हणजे सीडीच्या कव्हरवर तीनदा 'डी' छापायची सोय. टेपची सूं सूं नाही, रेकॉर्डची खरखर नाही. सीडीवर दहा लाखांच्या वर खपलेला हा पहिला अल्बम. बँडच्या जागतिक दौऱ्याला पैसा फिलिप्सचा होता, आणि फिलिप्सला सीडी प्लेअर विकायचे होते. म्हणजे लॅमिंग्टन रोडवर आम्ही जे करत होतो तेच वरच्या पातळीवरही चाललं होतं. एकूण विक्री तीन कोटींच्या पुढे गेली. ब्रिटनमध्ये आठवडेच्या आठवडे पहिला नंबर, अमेरिकेत सलग नऊ आठवडे, ऑस्ट्रेलियात तर चौतीस.

यात एक गोष्ट मागे पडली. ब्रिटनमध्ये अल्बमच्या आधी, एप्रिल 1985 मध्ये, जे सिंगल, म्हणजे सुटं विकायचं गाणं, काढलं ते 'मनी फॉर नथिंग' नव्हतंच. ते होतं 'सो फार अवे'. सीडीवरचा एक नंबरचा ट्रॅक, जो आम्ही बटण दाबून ओलांडून जायचो. तिथल्या चार्टवर ते वीसच्या वर चढलं नाही. अमेरिकेत तर कंपनीने पुढच्या वर्षापर्यंत ते बाहेरच काढलं नाही, तिथे सुरुवात 'मनी फॉर नथिंग'ने केली आणि तीन आठवडे पहिला नंबर खिशात घातला. धंद्याच्या हिशेबाने अमेरिकन माणूस बरोबर. पण अल्बम कशाबद्दल आहे हे ठाऊक असलेल्याने पहिलं गाणं निवडलं होतं, असं माझं आता पक्कं मत झालंय.

'सो फार अवे' ऐकायला बसलात तर पहिल्यांदा काहीच घडत नाही असं वाटेल. ताल एकाच चालीने जातो, ना चढ ना उतार. बास त्याच्या मागोमाग. त्यावर बँडचा गायक आणि गिटारवाला मार्क नॉफ्लर याची गिटार एक छोटा तुकडा वाजवते, थांबते, पुन्हा वाजवते. नॉफ्लर गाताना ओळ जिथे सोडतो तिथून गिटार उचलते. ओळ, उत्तर, ओळ, उत्तर. आपल्याकडे कीर्तनात बुवांचं वाक्य संपायच्या आत पेटीवाला जागा भरतो, तसं. फरक एवढाच की इथे बुवा आणि पेटीवाला एकच माणूस आहे. गाण्यातली गोष्टही साधी: दौऱ्यावरचा माणूस टेलिफोनवर प्रेम करून कंटाळलाय. ती उन्हात, हा पावसात. दर वेळी समजावून सांगायचं, दर वेळी तेच. बाकी उपमा नाहीत, अलंकार नाहीत.

ज्यांनी एसटीडी बूथच्या काचेत उभं राहून मीटरचे लाल आकडे बघत बायकोशी किंवा होणाऱ्या बायकोशी बोललंय, त्यांना हे गाणं समजावून सांगायला नको. माझा मोठा भाऊ मस्कतला होता. आमच्या डोंबिवलीच्या चाळीत फोन एका घरात. वहिनी तिथे जाऊन पाच मिनिटं बोलायची, त्यातली तीन 'हॅलो, ऐकू येतंय का'मध्ये जायची. परत आली की कुणाशी न बोलता कणीक मळायला घ्यायची. 'सो फार अवे'चा सूर तो आहे. रडणं नाही, कातावणं आहे. नॉफ्लर गातोही तसाच, अर्धा बोलल्यासारखा, आवाज न चढवता. त्याने गायनाचा आव आणलाच नाही कधी. आधी तो लीड्सला 'यॉर्कशायर इव्हनिंग पोस्ट'मध्ये वार्ताहर होता, मग शिकवायचा. ऐकलेलं, पाहिलेलं नीट टिपून घ्यायची सवय तिथली असावी.

त्याचा उपयोग 'मनी फॉर नथिंग'मध्ये सरळ दिसतो. न्यूयॉर्कच्या एका उपकरणांच्या दुकानात टीव्हींची भिंत, सगळ्यांवर एमटीव्ही लागलेलं, आणि तिथला माल वाहणारा माणूस पडद्यावरच्या गिटारवाल्यांना शिव्या घालतोय: आम्ही फ्रिज ओढायचे, मायक्रोवेव्ह बसवायचे, आणि यांना फुकटचे पैसे. नॉफ्लरने दुकानातच कागद-पेन मागून घेतलं आणि त्या माणसाचे शब्द उतरवले. त्यात एक शिवी समलिंगी माणसांना हिणवणारी आहे. ती त्या पात्राच्या तोंडी आहे हे खरं, तरी आज कानाला टोचते, आणि टोचावी. कॅनडात तिच्यावरून रीतसर तक्रारही झाली, तिचा निकाल 2011 मध्ये लागला.

पण दुकानात काम केलेल्या माणसाला यातला खरा विनोद कळतो. ज्या गाण्यावर जगभर लाखो रुपयांची सिस्टीम विकली गेली, ते गाणं विकणाऱ्याच्या आणि ओझं उचलणाऱ्याच्या बाजूने रॉकस्टारला शिव्या घालणारं आहे. आमचा हमाल दुसऱ्या मजल्यावरून पंचावन्न किलोचे स्पीकर खांद्यावर आणायचा, आणि ते खाली ठेवून श्वास घेत असतानाच आम्ही हे गाणं लावायचो.

त्या गिटारच्या आवाजाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण या एका आवाजामागे आयुष्य घालवलेले लोक मला माहीत आहेत. रेकॉर्डिंग कॅरिबियन समुद्रातल्या माँटसेराट बेटावर, बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन याने उभारलेल्या एअर स्टुडिओत झालं. नॉफ्लर सहसा स्ट्रॅटोकॅस्टरवर, स्वच्छ, बोटांनी छेडलेला आवाज काढणारा. इथे त्याने गिब्सन लेस पॉल घेतली आणि लेनी कंपनीचा अ‍ॅम्प. अ‍ॅम्पपुढचे माइक अजून नीट लावून झाले नव्हते, एक तर जमिनीकडे तोंड करून होता. तेवढ्यात कंट्रोल रूममध्ये तो नाकातून बोलल्यासारखा, दाबलेला आवाज ऐकू आला आणि सहनिर्माता नील डॉर्फ्समनने कुणाला काही हलवू दिलं नाही. नंतर पुन्हा तसाच आवाज काढायचा प्रयत्न झाला, जमला नाही. गायक स्टिंग त्याच बेटावर सुट्टीला आलेला. त्याने येऊन एमटीव्हीची ओळ गायली, आणि ती त्याच्याच जुन्या गाण्याच्या चालीत बसत असल्यामुळे गाण्याच्या श्रेयात त्याचंही नाव लागलं. ड्रम्सची कथा याहून कडू. बँडचा ड्रमर टेरी विल्यम्स वाजवत होता, पण त्याचा बाज या गाण्यांना बसेना, म्हणून न्यूयॉर्कहून ओमार हकीमला बोलावलं. त्याने दोनेक दिवसांत जवळजवळ सगळा अल्बम वाजवून टाकला. विल्यम्सचं उरलं ते 'मनी फॉर नथिंग'च्या सुरुवातीचं गडगडणं. म्हणजे आमचे स्पीकर ज्या वीस-पंचवीस सेकंदांनी विकले, ती अल्बममधून काढलेल्या ड्रमरची आहेत.

'वॉक ऑफ लाइफ' पटकन उरकतो. भुयारी मार्गात जुनी गाणी वाजवून पैसे मिळवणाऱ्या पोराचं गाणं, ऑर्गनची ती ओळ कानातून जात नाही. डॉर्फ्समनला ते अल्बममध्ये नकोच होतं, बँडने हट्टाने ठेवलं. गणपतीच्या मिरवणुकीतही चालेल असं आहे. मला ते तिसऱ्या क्रमांकावर खटकतं, पण घरात ते लागलं की माझी मुलगी अजूनही नाचते, तेव्हा माझं मत कोण विचारतो.

'युअर लेटेस्ट ट्रिक'मध्ये रात्र सरत आलेलं शहर आहे, मायकेल ब्रेकरचा सॅक्सोफोन आहे, आणि सॅक्सोफोन येण्याआधी रँडी ब्रेकरचा ट्रम्पेट आहे. हा ट्रम्पेट लक्षात ठेवा, मी परत त्याच्याकडे येणार आहे. 'व्हाय वरी' हे अंगाईच्या जवळचं गाणं. शब्द लवकर संपतात आणि उरलेली काही मिनिटं नुसती वाद्यं एकमेकांत हळू बोलत राहतात. एव्हर्ली ब्रदर्स या अमेरिकन गायक भावांच्या जोडीने ते नंतर गायलं, आणि ऐकताना ते त्यांच्यासाठीच लिहिल्यासारखं वाटतं. शोरूममध्ये हे गाणं लावायची कुणाची छाती नव्हती. गिऱ्हाईक झोपलं असतं.

रेकॉर्डची दुसरी बाजू, म्हणजे यापुढची चार गाणी, मात्र वेगळ्याच अल्बमची वाटते. इथे लढाई सुरू होते. 'राइड अक्रॉस द रिव्हर'मध्ये रातकिडे किरकिरतात, बासरीसारखा सिंथेसायझर डाव्या-उजव्या बाजूने धुक्यासारखा फिरतो आणि जंगलातून भाडोत्री सैनिक निघालेत. चांगल्या स्पीकरवर हे ऐकलं तर किडे खोलीच्या भिंतीबाहेर वाटतात. मी आज डेमो देत असतो तर हेच लावलं असतं, कारण 'मनी फॉर नथिंग' कुठल्याही डब्यावर बरं वाजतं. 'द मॅन्स टू स्ट्राँग'मध्ये एक म्हातारा जुलमी सेनानी आपल्या पापांचा पाढा वाचतो. खाली एकटी अकूस्टिक गिटार, अगदी कानाशी, आणि मधेच सगळा वाद्यवृंद एकदम कोसळतो. आवाज शांत भागाच्या हिशेबाने लावला असेल तर शेजारचे जोशीकाका दार वाजवणार. आजकाल सगळी गाणी सपाट दाबून एकाच पातळीवर आणलेली असतात. इथे हळू म्हणजे हळू आणि मोठं म्हणजे मोठं. 'वन वर्ल्ड' हा या अल्बमचा भरणा आहे. बासचा चटका सोडला तर त्यात काही नाही, आणि तो या दोन गाण्यांनंतर, शेवटच्या गाण्याच्या तोंडावर का ठेवला, कळत नाही.

शेवटचं गाणं म्हणजे नाव-गाणं, 'ब्रदर्स इन आर्म्स'. फॉकलंड युद्ध 1982 मधलं, गाणं त्यातून आलेलं. लांब कुठेतरी मेघगर्जना, अ‍ॅकॉर्डियनसारखा सिंथेसायझर, आणि मग पुन्हा लेस पॉल. पण इथे ती कर्कश नाही. प्रत्येक सूर शून्यातून उगवतो, आघात ऐकूच येत नाही, सूर नुसता फुगत जातो. मरायला टेकलेला सैनिक सोबत्यांशी बोलतोय: हे धुक्याचे डोंगर आता माझं घर, पण माझं खरं घर खालच्या सपाटीवर आहे. अहमदनगर-सातारा भागातल्या घराघरांत फौजेतला एखादा माणूस असतो. तिथल्या कुणाला या गाण्याचे शब्द कळले नाहीत तरी पोत कळेल.

आता ऐका. पहिल्या गाण्यात माणूस घरापासून लांब आहे आणि कंटाळलाय. शेवटच्या गाण्यात माणूस घरापासून लांब आहे आणि परत जाणार नाही. पहिल्यात फोन आहे, शेवटच्यात तोही नाही. दोन्हीकडे गिटार तेच काम करते, ओळ संपली की पुढचं बोलणं उचलते. 'सो फार अवे' आधी ऐकलं नसेल तर 'ब्रदर्स इन आर्म्स' नुसतं सुंदर युद्धगीत राहतं. ऐकलं असेल तर त्या सैनिकाला कुणीतरी वाट बघणारं होतं हे कळतं. मधे टीव्हीच्या भिंती, ऑर्गन, सॅक्सोफोन, सगळं असेल. पण अल्बमचा कणा ही दोन टोकं आहेत, आणि सिंगल म्हणून त्यातलं मऊ टोक आधी बाहेर काढणं हे धंद्याला महाग आणि कानाला बरोबर होतं.

ज्या स्टुडिओत हे झालं तो आता नाही. 1989 च्या ह्यूगो वादळाने त्याची वाट लावली आणि 1995 पासून बेटावरचा ज्वालामुखी जागा झाला. नॉफ्लर 2005 साली मुंबईत वाजवून गेला, तेव्हा दुकानातली जुनी मंडळी तिकिटासाठी एकमेकांना फोन करत होती. बँड त्याच्या कितीतरी आधी मोडला होता.

दोषही सांगायला हवेत. ऐंशीच्या दशकातला चकचकीतपणा काही ठिकाणी जुना झालाय. सिंथेसायझर अनेकदा जागा भरायला येतात, गरज म्हणून नाही. जॉन इल्स्लीचा बास इतका सभ्य आहे की वूफरवाल्यांचा हिरमोड होतो. 'साहेब, बास किती मारतो?' हे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला ही सीडी आम्ही कधीच लावली नाही. आणि जुन्या डायर स्ट्रेट्सचा, 'सुल्तान्स ऑफ स्विंग'च्या काळातला, पबमध्ये घाम गाळणारा उनाडपणा इथे गेलेला आहे. तो ज्यांना हवा त्यांनी 1978 चा पहिला अल्बम घ्यावा आणि इकडे फिरकू नये.

उरला प्रश्न कोणती प्रत घ्यायची. इथे मात्र लक्ष द्या, कारण सध्या रेकॉर्डची फॅशन परत आली आहे आणि लोक डोळे मिटून एलपी घेतायत. 1985 च्या मूळ एलपीवर गाणी कापलेली आहेत. रेकॉर्डच्या एका बाजूला एवढी मिनिटं मावत नव्हती. सीडीवरचं 'सो फार अवे' 5 मिनिटं 12 सेकंदांचं, एलपीवरचं चार मिनिटांच्या आत. शेवटी गिटार एकटीच रेंगाळते ती जागाच उडाली. 'व्हाय वरी' साडेआठ मिनिटांवरून साडेपाचच्या आत, म्हणजे वाद्यांची कुजबुज गेली. आणि 'युअर लेटेस्ट ट्रिक'च्या सुरुवातीचा तो रँडी ब्रेकरचा ट्रम्पेट, तो एलपीवर नाहीच. सगळी कात्री पहिल्या बाजूवर चालली, दुसरी शाबूत आहे. लोक म्हणतात एलपीचा आवाज उबदार. असेल. पण ट्रम्पेट नसलेल्या उबेचं मी काय करू?

सीडीत जुनी 1985 ची प्रत मिळाली तर सोडू नका. 1996 ची नव्याने मास्टर केलेली प्रत थोडी मोठ्याने वाजते, वाईट नाही, पण 'द मॅन्स टू स्ट्राँग'मधली ती दरी जुन्या प्रतीत जास्त खोल आहे. चोर बाजारात आणि जुन्या सीडी विकणाऱ्यांकडे ती अजून दिसते. कव्हरवरची निळ्या आकाशातली चंदेरी नॅशनल गिटार दुरूनही ओळखू येते. घरात पाच स्पीकरांची सिस्टीम असेल तर 2005 ची सराउंड प्रत शोधा. तिला ग्रॅमी मिळालं ते उगाच नाही, रातकिडे खरोखरच मागून येतात. मोबाइलवर ऐकणाऱ्यांना गाणी पूर्ण लांबीचीच मिळतात, फक्त आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारं सेटिंग बंद करा.

चाळीस वर्षांच्या निमित्ताने 2025 मध्ये निघालेल्या संचात 1985 च्या ऑगस्टमधला टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओचा अख्खा कार्यक्रम आहे. तो मी मित्राकडे ऐकला. टेरी विल्यम्स तिथे परत ड्रम्सवर आहे आणि जीव तोडून वाजवतोय. तेवढ्यासाठी संच घ्यावासा वाटतो, किंमत बघितली की मित्राकडेच जाऊन ऐकावंसं वाटतं.

एलपीच हवी असेल तर दुकानात एवढंच विचारा: आत रेकॉर्ड एक आहे की दोन? अलीकडच्या दोन रेकॉर्डवाल्या आवृत्त्यांत गाणी पूर्ण आहेत. एक असेल तर कापलेली आहे, कितीही नवी कोरी असली आणि दुकानदार कितीही शपथा घेत असला तरी. आणि वाजवून बघायला मिळालं तर दोन नंबरवर जाऊ नका. एक नंबर लावा, पूर्ण होऊ द्या, दुकानदार वैतागला तरी.